डालड्याच्या डब्यातलं म्युझियम

सेकंड इयरला असताना आम्ही सहा जण पुण्याच्या केळकर म्युझियमला गेलो होतो. (सबमिशन संपलं होतं आणि पिक्चरला पैसे नव्हते, हे खरं कारण!) दिनकर केळकरांनी जन्मभर गावोगाव फिरून जमवलेले अडकित्ते, दिवे, वाद्यं बघून सगळे गार. बाहेर चहा पिताना रूममेटनं विचारलं, "तुझ्या डहाणूत काय आहे रे असं?" मी म्हटलं, "चिकू आणि थर्मल पॉवर स्टेशन." सगळे हसले. मीही हसलो.

यंदा गॅदरिंगच्या प्रदर्शनासाठी प्रत्येकाने गावाकडची एक जुनी वस्तू आणायची ठरली, तेव्हा आत्याचा डालड्याचा डबा आठवला. आणि पोटात गोळाच आला. कारण दिवाळीत घराला रंग काढताना तो डबा मीच कचऱ्यात टाकला होता.

आमची आत्या बालवाडीची ताई. कोसबाडच्या टेकडीवर अनुताई वाघांच्या हाताखाली शिकली आणि तलासरीकडच्या एका पाड्यावर पोरांना शिकवू लागली. ताराबाई मोडक आणि अनुताईंनी 1945 साली बोर्डीला काम सुरू केलं, ते पुढे कोसबाडला नेलं. पाड्यावरची पोरं शाळेत येईनात, म्हणून शाळाच त्यांच्या अंगणात गेली. ती अंगणवाडी. गुरांमागे जाणाऱ्या पोरांसाठी कुरणशाळा. 1975 मध्ये सरकारची एकात्मिक बालविकास योजना आली आणि अंगणवाडी हा शब्द देशभर झाला. आमच्या होस्टेलवर किती जण अंगणवाडीची खिचडी खाऊन मोठे झालेत, हात वर करा!

तर त्या डब्यात होते शिंपले, चिंचोके, गुंजा आणि चिकूच्या काळ्याभोर बिया. माँटेसरीची साधनं म्हणजे मापात कापलेलं लाकूडकाम, महागडं. पाड्यावर ते कुठून आणणार? मग लहान-मोठं शिकायला शिंपले, मोजायला चिंचोके. आपण याला 'कॉस्ट रिडक्शन' म्हणून दहा स्लाइड केल्या असत्या. पण मला यात दुसरीच गंमत वाटते. माँटेसरीचा लाकडी दट्ट्या चुकीच्या भोकात नीट बसत नाही, म्हणजे चूक लाकूडच दाखवतं. शिंपल्यांच्या रांगेत चूक दाखवणारं कोणी नाही. शेजारचं पोरगं म्हणणार, "हा मोठा हाय!" मग दोघं भांडणार, शिंपल्याला शिंपला लावून बघणार. माझ्या मते ही सोय लाकडातसुद्धा नाही.

भीतभीतच आत्याला खरं सांगितलं. वाटलं, आता ओरडणार. ती म्हणाली, "चल." बोर्डीच्या किनाऱ्यावर अर्ध्या तासात शिंपले जमले. बिया स्वयंपाकघरातूनच निघाल्या. संध्याकाळपर्यंत नवा डबा तयार! मी सुटकेचा श्वास सोडला.

"आणि पुठ्ठे?" तिनं विचारलं.

पुठ्ठ्यांवर खळ लावून वाळू चिकटवलेली अक्षरं होती, बोटाने गिरवायची. मी म्हटलं, "तेही करू ना आत्या, त्यात काय!" ती गप्प बसली. मग हळूच म्हणाली, "मागे नावं होती रे. ज्या पोरानं जे अक्षर पहिलं ओळखलं, त्याचं नाव मी मागे लिहायची. पहिल्या वर्षीची तेवीस पोरं."

मला काही बोलताच येईना. रात्री जेवणं झाल्यावर तिनं वही मागितली. ती आठवत गेली, मी लिहीत गेलो. कोण पुढे शिक्षिका झाली, कोण चिकूच्या वाडीत कामाला लागला, कोण तिसरीत असतानाच तापाने गेली. सतरा नावं झाली. मग दिवा मालवून ती तशीच बसून राहिली.

प्रदर्शनात सरांनी डबा हातात घेऊन विचारलं, "किती जुनं आहे हे?" मी म्हटलं, "चार दिवस, सर." पोरं खो खो हसली. मी शेजारी ठेवलेली यादी दाखवली, तसे सर वाचत उभे राहिले. खाली सहा ओळी कोऱ्या होत्या.

परवा मेसच्या रांगेत असताना आत्याचा फोन आला. कसा आहेस, जेवलास का, काही नाही. एकदम म्हणाली, "पेन आहे का? अठरावं लिहून घे."