मौनाची परीक्षा

माणसाचें मोल तें घरांत असतां कळत नाहीं, नसतां कळतें, अशी आपली एक सार्वत्रिक समजूत आहे. परवां धरमपेठेंतील आमच्या अंगणांत या समजुतीला शास्त्राचा आधार मिळाला. आणि त्याच बैठकींत त्या आधाराला एक भेगही पडली.

शेजारची कन्या प्राणिशास्त्राची विद्यार्थिनी. सायंकाळीं ती आली, तों तिच्या बोलण्यांत सारा चपट्या कृमींचाच विषय. शिस्टोसोमा नांवाचा हा जीव मनुष्याच्या रक्तवाहिन्यांत वर्षानुवर्षें बिऱ्हाड करून राहतो. १८५१ सालीं थिओडोर बिल्हार्झ या जर्मन वैद्यानें तो कैरो येथें ओळखला. आफ्रिकेंत त्यानें कोट्यवधि लोकांना ग्रासलें आहे.

"म्हणजे आपल्याला भीति नाहीं!" असें आम्ही म्हणतांच ती हंसली.

"काका, १९५२ मध्यें आपल्याच रत्नागिरी जिल्ह्यांत, गिमवी गांवीं, हा रोग सांपडला होता. आणि गुरांना जडणारे याचे भाऊबंद तर आजही आपल्या देशांत आहेत."

आम्ही गप्प बसलों.

या रोगावर मुख्य औषध एकच, प्राझिक्वाण्टेल. तेंही कोवळ्या कृमींवर फारसें चालत नाहीं. नवें औषध शोधावयाचें, तर कृमीचें कोणतें जनुक त्याच्या जीवाला आवश्यक आहे, हें आधीं कळलें पाहिजे. त्यासाठीं जी युक्ति योजितात, ती मोठी मौजेची आहे. जनुक म्हणजे पेशीच्या पेटींत जपून ठेवलेली मूळ वही. तींतील आज्ञेची नक्कल करून जी चिठ्ठी बाहेर धाडली जाते, ती आरएनए. त्या चिठ्ठीशीं जुळणारा दुपदरी आरएनए कृमीला दिला, कीं पेशीच त्याचे बारीक तुकडे करते आणि त्या तुकड्यांच्या खुणेनें मूळ चिठ्ठी हुडकून फाडून टाकते. वही शाबूत, आज्ञा मात्र पोंचत नाहीं. अँड्र्यू फायर व क्रेग मेलो यांनीं १९९८ सालीं एका सूक्ष्म गोलकृमींत हें कोडें उलगडलें, आणि २००६ सालीं त्यांस नोबेल पारितोषिक मिळालें. शिस्टोसोमावर ही युक्ति २००३ च्या सुमारास लागू पडली. पुढें २०२० सालीं अमेरिकेंतील जेम्स कॉलिन्स व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २,२१६ जनुकांची वाचा एकेक करून बंद केली. अडीचशेंहून अधिक जनुकांच्या बाबतींत परिणाम उघड दिसला. कोठें बशीच्या तळाला चिकटलेल्या कृमीची पकड सुटली, तर कोठें त्याची झीज भरून काढणाऱ्या मूलपेशी नाहींशा झाल्या.

"मग उरलेलीं जनुकें निरुपयोगीच म्हणावयाचीं!" आम्ही म्हणालों.

"तसें म्हणतां येत नाहीं, काका. कधीं साऱ्या चिठ्ठ्या फाटत नाहींत. कधीं एकाचें काम दुसरें जनुक उचलतें. शिवाय बशींत कृमीला आयतें अन्न मिळतें, शरीरांतल्या शत्रूंशीं झुंजावें लागत नाहीं. बशींत दिसलें नाहीं, एवढेंच म्हणावयाचें."

ती गेली, पण तिचें हें शेवटचें वाक्य आमच्यापाशीं राहिलें.

आमच्या आत्याबाई बावीस वर्षें आमच्या घरीं होत्या. १९९१ सालीं त्या धाकट्या भावाकडे वर्ध्यास राहावयाला गेल्या, तेव्हां नकळत आम्हीही हाच प्रयोग मांडला होता. एक महिना गेला. गोकुळपेठेंतून भाजी येत होती, दूध वेळेवर तापत होतें, देवापुढें दिवा लागत होता. आम्ही मोठ्या समाधानानें त्यांना लिहिलें, "येथली काळजी करूं नये. तुमच्यावांचून कांहीं अडत नाहीं." हें वाचून त्यांना स्वस्थता वाटेल, अशी आमची प्रामाणिक समजूत होती.

अडलें नव्हतें हें खरें. कारण आमच्या सौभाग्यवती रोज तासभर आधीं उठून त्यांचें काम मुकाट्यानें उरकीत होत्या. वैशाखाच्या उन्हांत त्या तापानें अंथरुणाला खिळल्या, तेव्हां आम्हांस तें कळलें. आणि एक काम तर कोणालाच उचलतां आलें नव्हतें. आमच्या दोघां मुलांचें भांडण रात्रीच्या पानावर बसण्यापूर्वीं मिटवावयाचें, हा आत्याबाईंचा नेम होता. त्या उन्हाळ्यांत तीं दोघें पंधरा दिवस एकमेकांशीं बोललीं नाहींत.

आम्ही पुन्हां पत्र धाडलें. "परत यावें," असें विनविलें. उत्तर दोन ओळींचें आलें. "माझ्यावांचून अडत नाहीं, हें वाचून जीव निवांत झाला. आतां येथेंच बरी आहें." त्या परत आल्या नाहींत. त्यांच्या त्या दोन ओळींत राग होता कीं खरोखरीच निवांतपणा होता, याचा निर्णय आम्हांस अद्याप करतां आलेला नाहीं.

तें पत्र आमच्या पेटींत जपून ठेवलेलें आहे. ती मुलगी पुन्हां आली म्हणजे तिला एकदां दाखवावें, असें मनांत आहे.