टाकीवरची बाग

१९७९च्या मे महिन्यात मी पहिल्यांदा मुंबई पाहिली. मी आठ वर्षांचा होतो, आणि बाय, म्हणजे माझी थोरली बहीण, तेरा वर्षांची. बाय आली नाही. बा मुंबईत काविळीनं पडला होता, आईला जाणं भाग होतं, मी शेंडेफळ म्हणून तिच्या पदराला. उरली आजी, दोन बैल, एक गाय. आजीला दिसायचं कमी. मग प्रश्न एकच राहिला, पाणी कोण भरणार? तो प्रश्न कुणी मोठ्यानं विचारलाही नाही. निघायच्या सकाळी बाय हंडा-कळशी घेऊन नेहमीसारखी झऱ्यावर गेली, ती आम्ही वाटेला लागलो तरी परत आलेली नव्हती.

आमचं गाव शहापूर तालुक्यात, तानसा तलावाच्या वरच्या अंगाला, टेकाडावर. आटगाव स्टेशनपासून पायवाट. पावसाळ्यात आमच्याकडे इतकं कोसळतं की चार महिने कांबळं वाळत नाही. वर्षाला अडीच हजार मिलीमीटरच्या आसपास. पण जमिनीखाली काळा कातळ. पडलं ते सगळं उताराला लागतं आणि तलावात जातं. होळीपर्यंत विहिरीचा तळ दिसतो. मग नदीच्या कोरड्या पात्रात वाळू उकरून झरा काढायचा, करवंटीनं थेंब थेंब हंड्यात भरायचा. एक हंडा भरायला अर्धा तास. पोरी पहाटे तीनला जाऊन नंबर लावायच्या. आमच्या टेकाडाच्या माथ्यावरून तानसाचं पाणी लखलखताना दिसायचं. पण तलावापर्यंत उतरायचं म्हणजे जंगलातून दीड तास, आणि भरला हंडा घेऊन चढायचं म्हणजे त्याच्या दुप्पट. त्यात तलाव महापालिकेचा. राखणदार हटकायचे.

बा लालबागच्या एका गिरणीत साच्यावर होता. त्याच्या गाळ्यात बाराजण पाळीपाळीनं झोपायचे, तिथं बाईमाणसाला कुठली जागा. म्हणून आमची सोय वरच्या मजल्यावर चावीवाल्या काकांच्या बिऱ्हाडात झाली. काका महापालिकेच्या पाणी खात्यात चावीवाले. म्हणजे रस्त्यावरची लोखंडी झाकणं उघडून, लांब दांड्याच्या चावीनं कुठल्या भागाचं पाणी कधी सोडायचं आणि कधी बंद करायचं, ते काम. चाळीत त्यांना मान होता. नळ वेळेवर आला नाही की बायका त्यांच्याच दाराशी यायच्या, जसा काही तो माणूस पाणी खिशात घेऊन फिरत होता.

चाळीतला नळ पहाटे यायचा आणि दोन-अडीच तासांत जायचा. रांग, भांडणं, पिंपं, कुणाची बादली पुढं सरकवली यावरून झालेले रुसवे. आईला मात्र तो स्वर्ग वाटला. नळाची धार हंड्यात पडताना ती नुसती बघत राहायची. तीन दिवसांत ती मजल्यावरच्या चार म्हाताऱ्यांचं पाणी भरायला लागली. डोक्यावर दोन हंडे, कमरेला कळशी, आणि जिन्यात एक थेंब सांडायचा नाही. चाळीतल्या बायका बघायला दारात यायच्या. आयुष्यात पहिल्यांदा आईच्या या कसबाचं कुणीतरी कौतुक केलं असेल.

बा उठून हिंडायला लागला, तेव्हा काका म्हणाले, "वहिनी, आता पोराला म्हातारीचा बूट दाखवल्याशिवाय जायचं नाय." गिरणगावात पाहुणा आला की त्याला राणीची बाग, म्हातारीचा बूट आणि चौपाटी दाखवायची, असा रिवाजच होता. रविवारी दुपारी आम्ही निघालो. बस बदलत वाळकेश्वरला उतरलो. आधी काकांनी बाणगंगेवर नेलं. चारी बाजूंनी दगडी पायऱ्या, मधोमध हिरवट पाणी, भोवती देवळं, आणि पलीकडे दोन घरं ओलांडली की समुद्र. १७१५ साली रामा कामतांनी हा तलाव नव्यानं बांधून घेतला हे मी पुढं वाचलं. तेव्हा काकांनी सांगितलं ते रामाच्या बाणाचं. रामाला तहान लागली, बाण मारला, गंगा वर आली. आईनं पायऱ्या उतरून पाय बुडवले, ओंजळीत पाणी घेऊन जिभेला लावलं. "गोडं हाय की!" समुद्राच्या इतक्या जवळ गोडं पाणी. तिनं तिथंच बसून हात जोडले. बाण मारून पाणी काढणारा देव तिला आधी कुणी सांगितला नव्हता, नाही तर तिनं आमच्या टेकाडासाठी साकडं घातलं असतं.

मग मलबार हिलचा चढ. मोठमोठे बंगले, भिंतींवरून बाहेर आलेल्या बोगनवेली, आणि आवाज नाही. लालबागेतून आलेल्या कानांना ती शांतता खोटी वाटत होती. वर हँगिंग गार्डन. नाव ऐकून मला वाटलेलं की बाग झाडाला टांगलेली असेल. तसं काही नव्हतं. सपाट हिरवळ, रेघेत लावलेली फुलं, आणि कातरीनं कापून हत्ती, बैल केलेली झुडपं. हिरव्या बैलाला हात लावला म्हणून मी माळ्याची शिवीही खाल्ली. मे महिना असून गवत ओलं होतं. आई चपला हातात घेऊन त्यावरून चालत होती. आमच्याकडे त्या दिवसांत गाईला टाकायला हिरवी काडी नव्हती.

"एवढं पाणी कुठून घालतात?" तिनं विचारलं.

काका हसले. पायानं जमिनीवर दोनदा आपटून म्हणाले, "वहिनी, ही बाग नाय, झाकण हाय. तुम्ही उभ्या आहात ना, त्याच्या खाली पाण्याची टाकी हाय. सगळ्या बागेएवढी."

आईनं चटकन पाय आखडले. खाली पडू की काय, अशी. काका मग रंगात आले. इंग्रजाच्या वेळची टाकी, वरून झाकून तिच्यावर बाग केली. शेजारी पारशांची डुंगरवाडी, तिथली गिधाडं उघड्या पाण्यावर येऊ नयेत म्हणून झाकली, असं ते म्हणाले. लोक अजून तसंच सांगतात. इथून पाणी उतारानं जातं गिरगावात, फोर्टात, कुलाब्याला. गिरगावातल्या चाळीत नळ येतो तो या बागेखालून.

"आन हितं कुठनं येतं?"

"तुमच्याकडनंच की. तानसाचं."

आई काही बोलली नाही. बा दुसरीकडे बघत होता. त्याला हे ठाऊक असणार. वीस वर्षं मुंबईत राहणाऱ्या माणसाला कसं ठाऊक नसेल? पण गावी येऊन त्यानं कधी सांगितलं नव्हतं. आईनं मग तिथल्या नळावर पाणी प्यालं. ओंजळ भरून, दोनदा. पुढं गावात सांगताना ती म्हणायची, "आपल्याच पाण्याची चव, मी ओळखली." मला विचाराल तर त्या पाण्याला औषधाचा वास होता. पण मी तिला कधी खोडलं नाही.

रस्त्याच्या पलीकडे कमला नेहरू पार्क. तिथं म्हातारीचा बूट. आत शिरून वरच्या खिडकीतून डोकं बाहेर काढलं की झालं, पण त्यासाठी पोरांची ही रांग. मी तीनदा चढलो. कठड्याशी उभं राहिलं की खाली डोंगराचा कडा तुटतो आणि पुढं सगळी चौपाटी, समुद्राची कमान, पलीकडे इमारती. मोठी माणसं समुद्र बघत होती. आई कड्याकडे बघत होती. काळा, झाडोऱ्यातून डोकावणारा कातळ. म्हणाली, "ह्यो आपल्याकडचाच दगड." त्यात ती चुकली नव्हती. मुंबईची बेटं काय आणि शहापूरची टेकाडं काय, बेसाल्ट सगळा एकच. फरक एवढाच की या दगडाच्या डोक्यावर पाणी आणून ठेवलं होतं.

सिरी रोडच्या उतारानं आम्ही खाली आलो. चौपाटीवर भेळ खाल्ली, मी लाटांत पँट भिजवली, बानं पाळण्यात बसवलं. त्यातलं फारसं आठवत नाही. आठवतं ते हे, की आईनं वाळूतले चार शिंपले निवडून पदराच्या गाठीत बांधले, बायसाठी.

गावी परतलो तेव्हा बाय दारात बसली होती. रापलेली, टाळूवरचे केस चुंबळीनं घासलेले. मी बुटाचं सांगत होतो, बैलाच्या झुडपाचं, लाटांचं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तिथं नळाला रांग असते काय रं?" त्या जूनमध्ये शाळा उघडली, ती माझ्यासाठी. बायचं नाव आदल्या वर्षीच कमी झालं होतं. शिंपले कितीतरी वर्षं देवळीत होते.

पुढचं थोडक्यात सांगतो. १८ जानेवारी १९८२ला गिरण्यांचा संप झाला. बा पहिल्या सहा महिन्यांतच गावी आला आणि परत गेला नाही. साच्यावरच्या हातांनी तो झरा उकरायला लागला. बायचं लग्न झालं, तेही पलीकडच्याच टेकाडावरच्या गावात. दहा कोसांवर दिलं असतं तर कदाचित भातसाच्या कालव्याजवळ पडली असती, असं आई म्हणायची. मी शिकलो, मास्तर झालो. वर्गात मुंबईचे सात तलाव मी पोरांकडून पाठ करून घ्यायचो. विहार, तुळशी, तानसा, मोडक सागर, अप्पर वैतरणा, भातसा, मध्य वैतरणा. तानसा १८९२चा, दगडी बांध, दीड मैलाहून लांब. मुंबईला रोज साधारण ३८५ कोटी लिटर पाणी लागतं. एकदा एका पोरीनं विचारलं, "गुर्जी, हंडे किती?" मी फळ्यावर भागाकार मांडला. हंडा पंधरा लिटरचा धरला. उत्तर आलं पंचवीस कोटींच्या वर. पोरगी फळ्याकडे बघत राहिली आणि मी तास लवकर सोडला.

मे २०२४मध्ये बायला डोळ्यांसाठी मुंबईला आणलं. माझा मुलगा आता परळला राहतो, गिरणीच्या जागेवर उभ्या राहिलेल्या टॉवरमध्ये, भाड्यानं. पट्टी निघाली, डॉक्टर म्हणाले सगळं ठीक आहे. परतीच्या गाडीला वेळ होता. मी म्हटलं, "बाय, चल. तुला एक ठिकाण दाखवायचंय." पंचेचाळीस वर्षं उशीर झाला होता, पण तसं काही मी बोललो नाही.

टॅक्सीनं वर गेलो. बाग तशीच. बैल होता की नव्हता, नीट सांगता येणार नाही, कातरलेलं झुडूप बदललेलं असणार. आजूबाजूला सकाळी चालणाऱ्यांची चर्चा होती ती या टाकीचीच. टाकी सव्वाशे वर्षांहून जुनी. पावणेपंधरा कोटी लिटरची. ती पाडून नवी बांधायचं ठरलं, तेव्हा बागेतली झाडं जातील म्हणून इथल्या रहिवाशांनी विरोध केला, तज्ज्ञांची समिती बसली. मी हे बायला सांगितलं. तिनं झाडांकडे वर बघितलं. नव्या डोळ्यांनी तिला पानं सुटी सुटी दिसत होती.

"चांगली झाडं हायती," ती म्हणाली. "राहूं द्यावी."

तिच्या आवाजात कडवटपणा नव्हता, हे मला लिहून ठेवायचंय. मीच शोधत होतो. आमच्या तानसाच्या जंगलात आता गारगाई धरणाची चर्चा आहे. झाडं जातील, गावंही उठतील. ते मी तिला त्या क्षणी सांगणार होतो, पण थांबलो.

माळी पाईपनं गवतावर पाणी मारत होता. नळाच्या जोडावरून पाण्याची बारीक धार लागली होती, मातीत चिखल झाला होता. बाय उठली, गुडघ्यावर हात देत खाली बसली आणि जोड हातानं आवळून बघायला लागली. आवळेना. पिशवीतून डोळ्याची जुनी पट्टी काढली, ती गुंडाळून करकचून गाठ मारली. धार थांबली, थेंब राहिले. माळी बघत उभा होता. "मावशी, राहू द्या, ते रोजचंच आहे," तो म्हणाला. बाय हात लुगड्याला पुसत म्हणाली, "रोजचं हाय म्हणून तर."

मी तिला विचारलं, खाली टाकी आहे, ऐकू येतंय काही? तिनं मला वेड्यात काढलं.

बुटाजवळ पोरांची रांग होती. बायनं लांबूनच पाहिला. "म्हणजे ह्यो. मला वाटलं, लई मोठा असंल." आठ वर्षांच्या मी तिला काय सांगितलं असेल कुणास ठाऊक. कड्याच्या कठड्याशी मात्र ती खूप वेळ उभी राहिली. चौपाटीवर उतरलो तेव्हा ऊन कलतं होतं. लुगडं वर खोचून ती पाण्यात घोट्याएवढी गेली, आईसारखीच ओंजळ घेऊन जिभेला लावली आणि थुंकली.

"खारं."

"समुद्र आहे, बाय."

"म्हायती हाय रं. तरी बघितलं." ती लाटेकडे बघत राहिली. "बरं झालं खारं हाय. नाय तर हे बी कुणी नेलं असतं."

मला हसू आलं, तिलाही आलं. भेळ घेतली, ती तिखट लागली म्हणून तिनं माझ्याकडे सरकवली. मी म्हटलं, आजची रात्र राहा परळला, उद्या सकाळी सोडतो. ती ऐकेना. तिच्या घरासमोर आता नळ आहे, पण होळीनंतर त्यातून वारा येतो. एक दिवसाआड टँकर येतो, तो उद्या सकाळी साडेसहाला येणार होता, आणि सुनेला एकटीला पिंपं ओढवत नाहीत. कसारा लोकलला आम्ही दादरला चढलो. बसायला जागा कल्याणनंतर मिळाली. आटगाव येईपर्यंत ती झोपली होती, पिशवी मांडीवर घट्ट धरून.