टोपण आणि सुटका

शाईच्या पेनाला टोपण असतं, ते निब सुकू देत नाही. लेखकानं घेतलेल्या नावाला मराठीनं टोपणनाव म्हटलं, तेव्हा हेच मनात असावं असं मला फार वाटतं. खाली काहीतरी ओलं आहे, जपायचं आहे, म्हणून वर झाकण. बडोद्याच्या तरसालीत आमच्या शेजारी गुजराती गझलेचं वेड असलेले एक काका राहतात. संध्याकाळी ओट्यावर बसले की शेर ऐकवतात आणि शेवटच्या शेरात कवीचं नाव आलं की बोट वर करून म्हणतात, ‘आ एनुं तखल्लुस!’ हा शब्द अरबी, आणि त्याच्या मुळाशी आहे सुटका, मोकळं होणं. आपले खलास, खुलासा, खालसा हे त्याचेच सगेसोयरे. एकाच ओट्यावर मराठी माणसाला झाकण दिसतं आणि गझलवाल्याला सुटका.

मला दोन्ही खरे वाटतात, आणि सुटकेची साक्ष तर या बडोद्यातच आहे.

माधव त्र्यंबक पटवर्धन २१ जानेवारी १८९४ रोजी इथेच जन्मले. शेलीच्या एका कवितेत ज्यूलियन नावाचं पात्र आहे. तिथूनच त्यांनी हे नाव उचललं असं सांगतात, आणि पटवर्धनांचे माधव ज्यूलियन झाले. फार्शी-मराठी कोश सिद्ध करणारा, मराठीत गझल रुजवणारा हा विद्वान पुढे भाषाशुद्धीचा कैवारी झाला, तरी वाचकांच्या तोंडी ते परदेशी नाव राहिलं ते राहिलंच. छंदाचा काटेकोर अभ्यासक आणि प्रेमाची गाणी गाणारा बेभान कवी एकाच देहात नांदायचे, तर दुसऱ्याला वेगळं दार हवंच होतं. ही सुटका.

झाकणाचं उदाहरण १९३३ सालचं. ‘कळ्यांचे निःश्वास’ लिहिणाऱ्या विभावरी शिरूरकर म्हणजे बाळूताई खरे, पुढच्या मालतीबाई बेडेकर. शिकलेल्या अविवाहित मुलींच्या मनातलं बोलायचं तर त्या काळी स्वतःचं नाव पुढे करणं सोपं नव्हतं.

पण माझं मन अडकतं ते तिसऱ्याच नावापाशी. १९१७ साली भीमराव आंबेडकर परदेशातलं शिक्षण घेऊन बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू व्हायला आले. राहायला जागा कुठे? हिंदू खाणावळीत जात विचारणार. म्हणून ते पारशी धर्मशाळेत गेले. अंगात सदरा-कस्ती ही पारशांची धर्मखूण नाही हे पाहताच तिथल्या रखवालदारानं कोण, कुठले विचारलं. शेवटी आंबेडकरांनीच वाट सुचवली आणि चार पैसे मिळतील म्हणून तो कबूल झाला: वहीत पारशी नाव लिहायचं. जेवणखाण धरून दिवसाला दीड रुपया. वरच्या मजल्यावर अडगळीनं भरलेलं मोठं दालन, विजेचा दिवा नाही. एक कंदील, आणि त्याच्या उजेडात एकटा वाचत बसलेला, कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेला तरुण. अकराव्या दिवशी सकाळी डझनभर पारशी काठ्या घेऊन चढून आले. कोण आहेस तू, हाच त्यांचा सवाल. दोन मित्रांकडे विचारून पाहिलं, एक हिंदू, एक ख्रिस्ती. दोघांनीही घरात घेतलं नाही. मुंबईच्या गाडीला अवकाश होता, ते तास त्यांनी कमाटीबागेत काढले.

ज्यूलियन हे नाव हौसेनं घेतलेलं होतं. ते कधीही काढून ठेवता आलं असतं आणि पटवर्धन पटवर्धनच राहिले असते. विभावरींनी भीतीपोटी का होईना, आपलं नाव आपणच निवडलं. धर्मशाळेच्या वहीतलं नाव ना कवीचं होतं, ना लढवय्याचं. रात्री पाठ टेकायला जागा मिळावी म्हणून लिहिलेलं ते नाव होतं, आणि तेही अकरा दिवसांच्या पुढे टिकू दिलं गेलं नाही. त्याला टोपण म्हणावं, तर ते घालायला लावलं आपल्या समाजानं. लाज आपल्याला वाटायला हवी, नाव बदलणाऱ्याला नव्हे. पुढे बाबासाहेबांनी हे सगळं ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणींत लिहून ठेवलं.

बडोद्यातल्या मराठी घरांत माधव ज्यूलियनांचं नाव अभिमानानं घेतलं जातं, घ्यावंच. पण मुलांना घेऊन कमाटीबागेत गेलात, तर बाबासाहेबांची आठवण जपणाऱ्या संकल्पभूमीवरच्या वडाखाली जरा थांबा आणि त्यांना धर्मशाळेतल्या त्या नावाचीही गोष्ट सांगा.