खेकड्याची माफी

शिवनारायण चंदरपॉलला मी वीस वर्षं खेकडा म्हणत आलो. तेही मनातल्या मनात नाही, सोयगावच्या चहाच्या टपरीवर, चारचौघांत. तो गोलंदाजाकडे जवळजवळ छाती करून उभा राहायचा आणि चेंडू आला की नाल्यातल्या दगडाखालून खेकडा निघावा तसा तिरपा सरकायचा. ज्या संघात रिचर्ड्स खेळला त्या संघाचा आधारस्तंभ हा, यातच विंडीजचं काय झालं ते समजा, असं मी म्हणायचो. हे म्हणणं मी आता मागे घेतो.

मी विंडीजवाला झालो 1983 साली, शाळेत असताना. जूनमध्ये कपिलच्या संघानं विश्वचषक जिंकला तेव्हा सगळं गाव नाचलं, मीही नाचलो. ऑक्टोबरात लॉईडचा संघ त्याचं उट्टं काढायला भारतात आला आणि कानपूरला मार्शलच्या चेंडूनं गावसकरच्या हातातली बॅट उडवली. आम्ही ते रेडिओवर ऐकलं. वडील एकदम गप्प झाले. मला मात्र आतून गुदगुल्या झाल्या. त्याच मालिकेत गावसकरनं दिल्लीला 94 चेंडूंत शतक ठोकून ब्रॅडमनच्या 29 शतकांशी बरोबरी केली. पुढे मद्रासला शून्यावर दोन बळी गेलेले असताना तो आला आणि 236 करून नाबाद राहिला. वडिलांना ते 236 शेवटपर्यंत आठवत होते. मला आठवायची ती उडालेली बॅट.

1980 पासून 1995 पर्यंत विंडीज एकही कसोटी मालिका हरली नाही. मग किंग्स्टनला स्टीव्ह वॉनं 200 काढले आणि ऑस्ट्रेलियानं मालिका नेली. त्यानंतरची पडझड पाहून माझं निदान ठरून गेलं: पोरं पैशाला चटावली. लीगमध्ये चार षटकं टाकून कोटी मिळत असतील तर पाच दिवस उन्हात कोण मरेल? 2024 च्या जानेवारीत शामार जोसेफनं पायाच्या दुखऱ्या अंगठ्यानिशी गाबावर सात बळी घेतले, विंडीज आठ धावांनी जिंकली, तेव्हा मी टपरीवर चहा पाजला. गयानातल्या आडगावचा, होडीनंच जाता येईल अशा वस्तीतला पोरगा, कालपरवापर्यंत सुरक्षारक्षकाची नोकरी करणारा. तोच जोसेफ पुढे लखनऊकडून आयपीएलला आला म्हटल्यावर मीच म्हणालो, ‘बघा, हाही गेला.’

गेल्या वर्षी, 2025 च्या जुलैत, ऑस्ट्रेलियानं विंडीजला किंग्स्टनला 27 धावांत गुंडाळलं. स्टार्कचे 9 धावांत 6 बळी. माझा भाचा तेव्हा चार दिवस गावी आला होता. चाकणला कंपनीत आहे, रविवारी टेनिस बॉलच्या स्पर्धा खेळतो. मी माझं नेहमीचं निदान ऐकवलं. तो शांतपणे म्हणाला, ‘मामा, कसोटीचा एक अख्खा दिवस तुम्ही शेवटचा कधी पाहिला?’

मी आठवू लागलो. लक्ष्मण आणि द्रविड कोलकात्याला दिवसभर खेळले तो दिवस सापडला. साल 2001. त्यानंतर संध्याकाळच्या बातम्यांतला स्कोअर, नाहीतर मोबाइलवरचे दोन मिनिटांचे तुकडे. आयपीएल मात्र दोन महिने रोज, जेवणाचं ताट समोर घेऊन.

तो थांबला नाही. ‘मला चाकणला तुम्हीच धाडलंत ना? तेव्हा नाही म्हणालात, पोरगं पैशाला चटावलं.’

यावर मला उत्तर नव्हतं. त्याच्या आईकडे तीन एकर कोरडवाहू आहे. कपाशीत भागत नाही, हे मला त्याच्यापेक्षा जास्त माहीत होतं.

नंतर मी जरा हिशोब करून पाहिला. विंडीज हा एक देश नाही, अनेक लहान देशांचा मिळून संघ. त्या सगळ्यांची माणसं मोजली तर आपला छत्रपती संभाजीनगर आणि शेजारचा जालना, या दोन जिल्ह्यांइतकी भरतील. आयसीसीच्या कमाईत भारताचा वाटा सुमारे साडेअडतीस टक्के, त्यांचा साडेचारच्या आसपास. ज्या लीगांना मी नावं ठेवत होतो, त्यांचा पैसा माझ्यासारख्या बघ्यांकडूनच उभा राहतो. विंडीजच्या मंडळाचे घोळ आहेतच. 2014 साली पैशाच्या वादातून संघ भारताचा दौरा अर्धवट टाकून गेला होता. पण दोष एकट्या पोरांचा, हे म्हणणं टिकेना.

ऑक्टोबरात दिल्लीची कसोटी आली. सप्टेंबरच्या पावसानं कपाशीच्या कैऱ्या सडल्या होत्या, वेचायला फारसं काही नव्हतं, म्हणून घरी बसून पाहिली. भारत 5 बाद 518, विंडीज 248, वर फॉलोऑन. दुसऱ्या डावात 35 वर दोन गेले. मी टीव्ही बंद करणार होतो. कॅम्पबेल आणि होप यांनी 177 धावा जोडल्या. कॅम्पबेलचं कसोटीतलं पहिलं शतक, होपचं आठ वर्षांनी. मग शेवटच्या जोडीनं आणखी 79. सामना पाचव्या दिवशी हरलेच. पण कुलदीपचा चेंडू उशिरा, मऊ हातानं खाली दाबणं हे पाहण्यासारखं काम आहे, हे मला छप्पन्नाव्या वर्षी कळलं.

खरी शिकवणी डिसेंबरात झाली. आमच्याकडे त्या आठवड्यात रात्रीची लाइट होती. गव्हाला दारं धरायला शेतात होतो. पहाटे साडेतीनला क्राइस्टचर्चचा पाचवा दिवस सुरू झाला. न्यूझीलंडविरुद्ध विंडीजला 531 हवे होते आणि चौघे आदल्या दिवशीच परतले होते. मोबाइल बांधावर ठेवला. एक वाफा भरला की दार मोडायचं, दुसऱ्यात पाणी सोडायचं आणि मध्ये स्कोअर बघायचा. होप 140 वर गेला. मग ग्रीव्ह्जच्या जोडीला केमार रोच आला, सदतिशीचा वेगवान गोलंदाज. तो 233 चेंडू खेळला. त्यात 58 धावा. त्यातले बहुतेक चेंडू नुसते अडवलेले किंवा सोडलेले. उजाडलं, लाइट गेली, मोटार बंद पडली, तरी मी बांधावरून उठलो नाही. ग्रीव्ह्ज 202 वर नाबाद, विंडीज 6 बाद 457, सामना अनिर्णित. चौथ्या डावातली इतिहासातली दुसरी सर्वांत मोठी धावसंख्या.

त्या दिवशी मला चंदरपॉल आठवला. 2002 साली भारताविरुद्ध तो बाद न होता 1513 मिनिटं खेळला होता. पंचवीस तासांहून जास्त. त्याला खेकडा म्हणताना मी त्यातला एक तासही नीट पाहिला नव्हता. कसोटीतल्या फलंदाजीवर माझं प्रेम आहे असं मी चाळीस वर्षं सांगत होतो. प्रेम होतं ते दरारा बसवणाऱ्या संघावर. दरारा गेल्यावर हरणाऱ्यांची फलंदाजी बघायला मीच थांबलो नाही. वडील थांबत होते.

विंडीज सावरली असं मी म्हणत नाही. त्याच दौऱ्यातल्या पुढच्या दोन्ही कसोट्या ते हरले.

त्या सकाळी भाच्याला फोन केला. म्हटलं, अख्खा दिवस पाहिला. तो कंपनीच्या बसमध्ये होता. ‘कोण जिंकलं?’

‘कुणीच नाही.’

‘मग, मामा, पाहिलं काय?’

मी सांगायला लागलो. बसच्या आवाजात त्याला नीट ऐकू येत नव्हतं, तरी सांगत राहिलो.