विजोड जोडी

जोडी म्हटली की ती विजोड हवी. दोन शहाणे एकत्र आले तर सभा भरते, दोन वेडे एकत्र आले तर गर्दी जमते. एक शहाणा आणि एक वेडा एकत्र आले म्हणजे मात्र गोष्ट सुरू होते.

रहस्यकथावाल्यांनी हे मर्म फार पूर्वीच ओळखले. बाबूराव अर्नाळकरांनी आपल्या धनंजयाच्या जोडीला छोटू दिला. हाँगकाँगच्या कँटोनीज बोलपटवाल्यांनीही तेच केले. तिथल्या १९८२ सालच्या ‘एसेस गो प्लेसेस’मध्ये एक देखणा हिरेचोर आणि एक टकलू गुप्तहेर यांना एकाच गाड्याला जुंपले आहे. प्रेक्षकांना हे भांडण इतके आवडले की पुढल्याच वर्षी दुसरा भाग आला, आणि १९८९ पर्यंत भाग पाच झाले!

आपल्याकडची अशी जोडी म्हणजे महेश कोठारे आणि लक्ष्मीकांत बेर्डे. १९८५ चा ‘धूमधडाका’, १९८७ चा ‘दे दणादण’, आणि १९९३ चा ‘झपाटलेला’. एक ताठ मानेचा इन्स्पेक्टर, तर दुसरा स्वतःच्याच बाहुल्याला पाहून थरथर कापणारा लक्ष्या. रामदास पाध्यांच्या त्या बाहुल्याने किती घरांतली मुले रात्री आईला बिलगून झोपली असतील, कोण जाणे!

आमच्या बदलापूरच्या शिरगावातही एक जोडी होती. माझे वडील आणि शेजारचे काका. वडील आयुष्यभर कारकुनी केलेले; गाडी दोन मिनिटे उशिरा आली तरी वहीत टिपणारे. काकांना स्वतःच्या छत्रीचाही पत्ता नसे. एकदा जिन्यातले दिवे चोरीला जाऊ लागले. वडिलांनी आठ दिवसांच्या वेळा लिहून चोराचे वेळापत्रकच तयार केले. पहाऱ्याला काका बसले, आणि चादर पांघरून तिथेच झोपले. अंधारात चोर आला. वरच्या पायरीवरून आलेल्या घोरण्याने त्याची अशी काही गाळण उडाली की हातातले दोन दिवे तिथेच ठेवून तो पळाला. वडिलांनी वहीत नोंद केली : ‘रात्री २ वाजून १० मिनिटे. माल परत.’ काकांना ही हकीकत सकाळी चहाच्या वेळी समजली.

काका अचानक गेले. वडिलांनी त्या दिवशी वहीत काहीच लिहिले नाही.

लक्ष्मीकांत बेर्डे २००४ च्या डिसेंबरात गेले होते. २०१३ मध्ये ‘झपाटलेला २’ आला, तोही त्रिमितीत. मी वडिलांना आग्रहाने घेऊन गेलो. त्यात लक्ष्याचा मुलगा झाला होता आदिनाथ, म्हणजे खुद्द महेश कोठाऱ्यांचाच मुलगा. मित्राची रिकामी जागा भरायला माणसाने पडद्यावर आपला पोटचा पोर दिला, हे मला फार हृद्य वाटले. मध्यंतरात वडील डोळ्यांवरचा तो काळा चश्मा काढून पुसत बसले. म्हणाले, “पोरगा चांगला आहे. पण लक्ष्या नाही रे.” ते फक्त सिनेमाविषयी बोलत नव्हते, हे मला कळले.

तेव्हापासून संध्याकाळी मी काकांच्या खुर्चीत बसतो. वडील जुन्या हकिकती सांगतात, मी हसतो. परवा ते मध्येच थांबले आणि म्हणाले, “तू फार वेळेवर हसतोस. तो नेहमी चुकीच्या जागी हसायचा.”

खरे आहे. चुकीच्या जागी हसणे शिकून येत नाही. त्यासाठी मूळचाच माणूस लागतो. दुसऱ्या भागात आपल्याला फार तर खुर्ची उबदार ठेवता येते. पण तेवढीही ठेवली, तर सांगणाऱ्याला गोष्ट पुढे सांगावीशी वाटते, एवढे मात्र मी रोज पाहतो.