भागीचें घोडें

"भागीचें घोडें किवणानें मेलें" ही म्हण आम्हीं याच शाळेच्या बांकांवर बसून पाठ केली आणि परीक्षेंत तिचा अर्थ लिहून गुणही मिळविले. घोडें पुष्कळांच्या मालकीचें. त्याच्या जखमेस औषध लावणें मात्र कोणाचेंच काम नव्हे! तिचा खरा अर्थ विद्यापीठांत गेल्यावर पुरंदर तालुक्यांतील बारा विहिरींनीं आम्हांस शिकविला. ती हकीकत आमच्या धाकट्या शाळाबंधुभगिनींस व त्यांच्या पालकांस सांगावी, असें वाटतें.

२०१९ सालीं, पदवीच्या शेवटच्या वर्षीं, आम्हां पांच जणांस मिळून एक प्रकल्प करावयाचा होता. एका खेड्यांतील बारा विहिरींच्या पाण्याची पातळी दर रविवारीं मोजावयाची आणि पावसाळ्यानंतर काळ्या पाषाणांतील पाणी कसें उतरत जातें, याचा आलेख काढावयाचा. वजन बांधलेली मोजफीत आंत सोडावी, कठड्यापासून पाण्यापर्यंतचें अंतर वहींत टिपावें, इतकेंच काम. काम सोपें, सोबती स्नेहाचे. मग नियम हवेत कशाला? "सारें मिळून करूं" एवढा एकच ठराव आम्हीं केला.

दिवाळीच्या तोंडावर दोन रविवार आमच्यांतील एक मित्र आला नाहीं. त्याच्या वांट्याच्या चार विहिरी तशाच राहिल्या. त्यास कोणीं कांहीं विचारलें नाहीं. त्याच्या माघारीं मात्र आम्ही चौघे पुष्कळ बोललों. पुढें याहून वाईट गोष्ट घडली. वहींतील कोरे रकाने डोळ्यांस खुपूं लागले, तेव्हां मागचे आकडे पाहून आम्हीं ते अंदाजानें भरून टाकले. एकानें आकडे सांगितले, दुसऱ्यानें लिहिले, उरलेल्या दोघांनीं पाहिलें. "नको" असें एकानेंही म्हटलें नाहीं.

आमच्या अध्यापकांनीं वही चाळली आणि शांतपणें विचारलें, "त्या दिवसांत तिकडे जोराचा पाऊस झाला होता. आठ विहिरींचें पाणी चढलें; या चारच विहिरींचें तेवढें उतरलें कसें?" आम्हीं माना खालीं घातल्या. रागें न भरतां त्यांनीं एक कोरा कागद पुढें ठेविला. "मोजमाप मागाहून करा. एकमेकांशीं कसें वागणार, तें आधीं पांचांनीं मिळून लिहून आणा."

त्या कागदापुढें आमचा मित्र प्रथमच बोलता झाला. सुटीच्या दिवशीं तो एका कापडाच्या दुकानांत काम करी व त्या मिळकतींतून आपली फी भरी. एरवीं सकाळीं थोडी मोकळीक मिळे. दिवाळीच्या गर्दींत ती मिळाली नाहीं. "तुम्ही माझी कींव कराल, म्हणून बोललों नाहीं," तो म्हणाला. ज्यास आम्ही आळशी म्हणत होतों, तो आम्हां सर्वांहून अधिक कष्ट करीत होता.

त्या सायंकाळीं ठरलें तें असें: प्रत्येक कामापुढें एकाचें नांव असावें. काम जमणार नसेल तर दोन दिवस आधीं कळवावें. कारण सांगण्याची सक्ती नसावी. तक्रार समोर करावी, माघारीं नव्हे. जो गप्प बसतो, त्यास आधीं विचारावें. आणि जें मोजलें नाहीं, तें लिहूं नये. पांचांनींही खालीं सह्या केल्या. मित्राच्या विहिरी आम्हीं चौघांनीं वांटून घेतल्या. आलेखांचें काम त्यानें रात्रीं बसून करण्याचें पत्करलें.

पुढें वाचनांत आलें कीं, ही खोड कांहीं आमचीच नव्हे. रिंगेलमान नांवाच्या फ्रेंच कृषि-अभियंत्यानें माणसांकडून दोर ओढवून पाहिला होता. त्याचे निष्कर्ष १९१३ सालीं प्रसिद्ध झाले. आठ जण एकत्र ओढूं लागले म्हणजे प्रत्येकाच्या वांट्याचें बळ, एकट्यानें ओढण्याच्या मानानें, सुमारें निम्मेंच भरे. कांहीं बळ ओढीचा मेळ न बसल्यानें वायां जातें, कांहीं "दुसरा ओढीलच" या भरंवशावर. विल्यम्स, हार्किन्स व लाताने या मानसशास्त्रज्ञांनीं १९८१ सालीं लोकांस मिळून ओरडावयास लावून दाखविलें कीं, आपला आवाज वेगळा मोजला जात आहे असें कळलें म्हणजे ही ढिलाई नाहींशी होते. कामापुढें नांव लिहिण्याचें मर्म हेंच. परंतु आमच्या मित्राच्या मौनाचें कारण असल्या कोणत्याही मापानें कळलें नसतें. तें विचारावेंच लागलें असतें.

फेब्रुवारी २०२० मध्यें आमचा अहवाल पुरा झाला. त्यांत आठ रकाने कोरे आहेत आणि ते कोरे कां राहिले, हें खालीं स्पष्ट लिहिलें आहे. त्यांबद्दल आमचे गुण कापले गेले. तें योग्यच झालें.

विद्यार्थीमित्रहो, विज्ञान-प्रदर्शन असो कीं स्नेहसंमेलनांतील नाटक असो, काम वांटण्यापूर्वीं घटकाभर एकत्र बसा आणि आपलें वागणें ठरवा. भांडण झाल्यावर केलेले नियम शिक्षेसारखे वाटतात. आधीं केलेले सर्वांस आपले वाटतात. पालकवर्गासही नम्र विनंति कीं, मुलाच्या वहींत एखादा रकाना कोरा दिसला, तर तो आपण भरून देऊं नये. तो कोरा कां राहिला, एवढें मात्र प्रेमानें विचारावें.