विचारायचं राहून गेलं

आमच्या घरात लिहिणं-वाचणं आलं ते माझ्यापासून, आणि कॉलेजची पायरी चढणारीही मी पहिलीच. आई बचत गटाची अध्यक्ष, पण गटाची वही मी सातवीत असल्यापासून माझ्याकडे. बारा बायका, महिन्याला शंभर रुपये बचत, कर्जाला शेकडा दोन रुपये व्याज.

यंदा संगणकाच्या तासाला सरांनी सॉफ्टवेअर कसं तयार होतं ते शिकवलं. आधी गरजा गोळा करायच्या. मग आराखडा, बांधणी, चाचणी, वापर आणि शेवटी देखभाल. फळ्यावर एकाखाली एक चौकोन. पाणी उतरावं तसं काम खाली उतरतं, म्हणून या पद्धतीला धबधब्याचं नाव पडलं. प्रात्यक्षिकासाठी मी गटाचा हिशेब निवडला. वही तर मीच लिहिते, मग गरजा विचारायच्या कुणाला? पहिला चौकोन मी घरबसल्याच भरला.

बैठकीत मोबाईल मधोमध ठेवला. बेरजा चोख होत्या. बायका कौतुकानं वाकून पाहू लागल्या. तेवढ्यात एका मावशींचं नाव लाल अक्षरांत उमटलं : 'दोन हप्ते थकीत'. ती करामत मीच मोठ्या हौसेनं केली होती. कुणीतरी ते मोठ्यानं वाचलं. मावशी काही बोलल्या नाहीत. पदर सावरून उठल्या. पुढच्या बैठकीला आल्याच नाहीत.

रात्री आई म्हणाली, "आगं, हप्ता ऱ्हायला तर मी सांजच्याला तिच्या घरी जाती. चारचौघीत कवा काढत न्हाई."

"मग मला आधी का नाही सांगितलंस?"

"तू इचारलंस कवा?"

मी गप्प झाले. वहीतला आकडा न् आकडा मला ठाऊक होता. वहीबाहेर आई काय करते, ते ठाऊक नव्हतं. अंगवळणी पडलेल्या गोष्टी माणसं आपण होऊन सांगत नाहीत. त्या विचाराव्या लागतात.

सरांना हे सांगितलं, तेव्हा त्यांनी विन्स्टन रॉइस यांचा १९७० सालचा लेख दाखवला. एकाखाली एक चौकोनांचं तसं चित्र त्यात आहे. पण त्याच लेखात रॉइस बजावतात, की नुसतं खाली उतरत जाणं धोक्याचं. चूक चाचणीत उघडी पडते आणि काम पुन्हा करावं लागतं. नवं काम दोनदा करावं, ज्याच्यासाठी करायचं त्याला सोबत घ्यावं, असंही ते सांगतात. चित्र मात्र सगळीकडे गेलं. इशारा मागे राहिला.

मग मी कोरी वही घेऊन घरोघर हिंडले. एक काकू म्हणाल्या, "पैसं मोजताना हिशेब समद्यांम्होरं पायजे." दुसरी म्हणाली, "मला वाचता येत न्हाई, माझा आकडा मला बोलून सांग."

मावशींकडे सर्वांत आधी जायला हवं होतं. गेले सर्वांत शेवटी. त्यांनी चहा ठेवला. माझ्याकडे पाठ करूनच बऱ्याच वेळानं म्हणाल्या, "माझं नाव बाकीच्यांवानीच दिसू दे."

वहीच्या पहिल्या ओळीची जागा मी मोकळी ठेवली होती. तिथं ते लिहिलं.